लाव्ह्याच्या देशातले खारे सरोवर

हिंगोली शहर मागे टाकून सायकल सेनगावच्या रस्त्याला लागली, की दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर आणि हळदीची शेते सुरू होतात. पायाखाली काळी माती, शेताच्या बांधावर काळे दगड, नव्याने खोदलेल्या विहिरीच्या काठी काळ्या मुरमाचा ढीग. या दृश्यात विशेष काही आहे, असे येथे वाढलेल्या माणसाला वाटत नाही. वस्तुतः ही सारी भूमी म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे. हिंगोली जिल्ह्यातील बहुतेक गावे, विहिरी आणि देवळे ज्वालामुखीच्या खडकावर उभी आहेत.

मग साहजिकच प्रश्न पडतो. जगात जिथे जिथे ज्वालामुखी होऊन गेले, तिथे बहुधा त्यांच्या मुखात पाणी साचून तळी तयार झाली. जर्मनीतील आयफेल प्रदेशात अशी वर्तुळाकार तळी विखुरलेली असून, पायी आणि सायकलवर त्यांची परिक्रमा करायला पर्यटक दुरून येतात. फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागातही तसेच. मग महाराष्ट्राचा एवढा मोठा भूभाग लाव्ह्याने व्यापलेला असताना येथे ज्वालामुखीची सरोवरे का नाहीत? आणि हिंगोलीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले लोणारचे सरोवर मग नेमके काय आहे?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतात, तशीच ती रस्त्यावरही मिळतात. मात्र त्यासाठी मोटारीतून उतरावे लागते.

लाव्हा आहे, पण ज्वालामुखी कुठे?

आयफेलमधील तळ्यांना तेथे 'मार' म्हणतात. जमिनीखालून वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, की पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि प्रचंड स्फोट होऊन भूपृष्ठावर खोल वाडगा तयार होतो. पुढे त्यात पाणी साचते. तेथील सर्वांत तरुण मार अवघे अकरा हजार वर्षांपूर्वीचे आहे. भूशास्त्राच्या कालगणनेत ही कालची गोष्ट. म्हणूनच तेथील वाडग्यांच्या कडा अजून शाबूत आहेत.

दख्खनची कथा वेगळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जे घडले, ते एखाद्या शंकूच्या आकाराच्या पर्वतातून उसळलेले अग्निनाट्य नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अत्यंत पातळ लाव्हा वर येऊन पुरासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला, की काही काळाने त्यावर दुसरा. असे अनेक थर एकमेकांवर चढून दख्खनचे पठार घडले. आजही त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्याही वर जाते आणि पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. या खडकांना इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतील 'पायरी' या अर्थाच्या शब्दावरून आला. डोंगरांच्या पायऱ्या पाहिलेल्या कोणालाही हे नाव लगेच पटेल.

भेगांतून पसरलेल्या लाव्ह्याने मुखे मागे ठेवलीच नाहीत. जी काही लहानसहान मुखे असतील, ती कोट्यवधी वर्षांच्या पावसाने आणि नद्यांनी केव्हाच झिजवून टाकली. म्हणून येथे ज्वालामुखीचा दगड पावलोपावली आहे, पण ज्वालामुखीचे तळे नाही.

रस्ता वाचताना

हिंगोलीहून सेनगाव आणि रिसोडमार्गे लोणार गाठणे हा सायकलस्वारासाठी सोयीचा मार्ग. कसलेला स्वार तो एका दिवसात पार करील. पाहत-थांबत जाणाऱ्याने दोन दिवस ठेवावेत. वाटेत संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे नर्सी हे गाव आणि जिल्ह्यातून वाहत जाऊन पुढे पैनगंगेला मिळणारी कयाधू नदी.

या प्रवासात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या आणि उघड्या विहिरी. कापलेल्या कडेत वरपासून खालपर्यंत थर स्पष्ट दिसतात. त्यातला घट्ट, निळसर काळा, हातोड्याला दाद न देणारा थर हा लाव्हाप्रवाहाचा गाभा. त्याच्या वर सच्छिद्र, सहज भुगा होणारा थर असतो, त्याला लोक मांजऱ्या खडक म्हणतात. लाव्हा निवत असताना त्यातील वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले, ती ही छिद्रे. पुढे त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून पांढरे स्फटिक तयार झाले. मधूनच वीतभर जाडीचा तांबडा पट्टा दिसतो. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची जी माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघाली. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधली विश्रांती.

विहिरीला पाणी कुठे लागेल, हेही हेच थर ठरवतात. घट्ट थरातून पाणी हलत नाही. मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात ते साठते. शेजारी शेजारी असलेल्या दोन शेतांपैकी एकाची विहीर मे महिन्यात भरलेली आणि दुसऱ्याची कोरडी असते, त्यामागे बहुधा दैव नव्हे, हा सांधा असतो.

वेळ असल्यास हिंगोलीच्या दक्षिणेला औंढा नागनाथकडे वाट वाकडी करावी. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या या मंदिराचा खालचा कोरीव भाग याच काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचा घट्ट थर शिल्पकाराच्या छिन्नीखाली काय रूप घेतो, हे त्या हत्ती-घोड्यांच्या आणि मूर्तींच्या रांगांत पाहता येते. याच औंढा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. अणूहूनही सूक्ष्म हालचाल टिपायची, तर पायाखालची भूमी शांत हवी.

ही शांतता निरपवाद नाही, हेही खरे. जिल्ह्यातील काही गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि हलके धक्के परिचित आहेत. २१ मार्च २०२४ रोजी येथे ४.५ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा. लाव्ह्याच्या भूमीत जमीन गुरगुरली, की ज्वालामुखीची शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझला. हे धक्के भारतीय भूपट्टावर येणाऱ्या ताणामुळे, खोलवरच्या जुन्या भेगा हलल्याने बसतात. त्यांच्यापासून सावध राहावे, घरे मजबूत बांधावीत; पण त्यातून आग बाहेर पडण्याची भीती बाळगू नये.

ज्याला ज्वालामुखी समजले गेले

रिसोड मागे पडले, की भूभाग सपाट होत जातो. लोणार जवळ आले, तरी सरोवराची चाहूल लागत नाही. गाव ओलांडून काठावर पोहोचेपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग अचानक समोरची जमीन संपते. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार विवर, सुमारे १४० मीटर खोल, तळाशी हिरवट पाणी आणि भोवती झाडीचे कडे.

स्कंदपुराणातील कथेनुसार लवणासुर या दैत्याचा विष्णूने येथे वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे शिल्परूप. पाश्चात्त्य जगाला या सरोवराची ओळख १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांच्या नोंदीतून झाली. त्यानंतर दीर्घकाळ अनेक भूशास्त्रज्ञांनी त्याला ज्वालामुखीच्या खात्यावर जमा केले. तर्कही सरळ होता. चहूकडे लाव्हा, मध्ये गोल खड्डा. दुसरे काय असणार? १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला. तेही वाफेच्या स्फोटाचे, हेही तसेच, अशी ती विचाराची दिशा होती. पुढे ही दोन्ही विवरे अशनीच्या आघाताने झाल्याचे सिद्ध झाले, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक बोधप्रद योगायोग.

लोणारचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत 'मास्केलिनाइट' सापडले. खडकातील फेल्डस्पार या खनिजाचे न वितळता, केवळ आघाताच्या दाबाने काचेसारख्या पदार्थात रूपांतर होते, त्याला हे नाव आहे. इतका दाब कोणताही ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. आकाशातून प्रचंड वेगाने आलेला अशनीच ते करू शकतो.

विवराचे वय मात्र अजून वादाचे आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरगॉन कालमापनानुसार ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास आहे. काहीही असले, तरी बेसाल्ट खडकात झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली आघातविवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ आहेत. चंद्र आणि मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचाच आहे. म्हणून तेथील विवरे समजून घेऊ पाहणारे अभ्यासक लोणारला येतात.

काठावरून आणि काठाखाली

सायकल येथे गावात ठेवावी. विवराच्या कडेची फेरी सहा-सात किलोमीटरची आहे आणि ती पायीच करावी. ज्यांनी वाटेतले रस्ते लक्षपूर्वक पाहिले असतील, त्यांना कडेवर एक विसंगती जाणवेल. हिंगोलीपासून येथपर्यंत लाव्ह्याचे थर आडवे, पाटासारखे सपाट होते. येथे ते विवराच्या केंद्रापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. काही ठिकाणी उलटलेही आहेत. जमीन आतून उचलून बाहेर फेकली गेल्याची ही खूण. प्रयोगशाळेशिवाय, साध्या डोळ्यांनी दिसणारा हा पुरावा आहे. पण शंभर किलोमीटर सपाट थर पाहून आलेल्यालाच तो बोलतो.

खाली उतरण्याची नेहमीची वाट धारेजवळून जाते. येथे गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते आणि जुन्या मंदिरांचा समूह लागतो. उतारावर सीताफळ आणि सागाची झाडी, त्याखाली बाभळी, मग खाराने पांढरी पडलेली उघडी जमीन आणि शेवटी पाणी. वनस्पतींची ही वर्तुळे पाण्यातील क्षाराची पातळी दाखवत उतरतात. मोर आणि वानरे सहज दिसतात.

सरोवराला बाहेर जाण्याची वाट नाही. झरे आणि पाऊस यांचे पाणी आत येते, उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी केवळ खारट नसून तीव्र अल्कधर्मी झाले आणि त्याचा सामू दहाच्या वर गेला. पूर्वी येथून निघणारा खार व्यापारात होता आणि त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. अशा पाण्यात जगू शकणारे सूक्ष्मजीव वेगळेच असतात. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण शोधले. पाणी आटून क्षार वाढल्याने मिठात वाढणारे 'हॅलोआर्किया' हे सूक्ष्मजीव बहरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

तोल कशावर अवलंबून आहे?

या सरोवराचे वेगळेपण एका नाजूक तोलावर उभे आहे. जितके गोडे पाणी आत येते, तितकेच उडून जावे, हा तो तोल. आत येणारे पाणी वाढले, की क्षार विरळ होतात, सामू उतरतो आणि हजारो वर्षांत घडलेली सूक्ष्मजीवसृष्टी साध्या तळ्यातील जीवांना जागा करून देते. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी पोहोचल्याने ही चिंता केवळ ग्रंथांपुरती राहिलेली नाही. त्यात वस्तीचे सांडपाणी आणि परक्या वेड्या बाभळीचा फैलाव यांची भर. विवराच्या संरक्षणाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे.

येथे हानी होते ती बहुधा एखाद्या मोठ्या घावाने नव्हे, तर थोड्याथोड्या पाण्याने आणि थोड्याथोड्या दुर्लक्षाने. मोटारीतून उतरून, काठावर दहा मिनिटे उभे राहून परतणाऱ्याला ती दिसत नाही. परिक्रमा करणाऱ्याला मात्र पाण्याखाली गेलेली बाभळीची झाडे आणि बुडालेली पायवाट दिसते. पायी पाहिलेल्या गोष्टीची माणसाला काळजी वाटू लागते, हा पदभ्रमणाचा खरा उपयोग.

भटकंतीला निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात उतार निसरडे होतात आणि उन्हाळ्यात विवराच्या तळाशी हवा कोंडून उकाडा असह्य होतो. हिंगोली हे पूर्णा-अकोला लोहमार्गावरील स्थानक आहे. लोणार बुलडाणा जिल्ह्यात असून छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याहूनही रस्त्याने जाता येते. विवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे. वनखात्याचे नियम पाळावेत, पाणी सोबत न्यावे, वाट माहीत असलेला स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि दगड उचलून आणू नयेत. विवराच्या उत्तरेला असलेले लहानसे अंबर तळेही पाहावे. तेही आघातानेच झाले का, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा तेच आडवे थर, त्याच विहिरी, तीच काळी माती. हिंगोलीकरांच्या अंगणातला हा दगड आगीतून आला आणि शंभर किलोमीटरवरचा खड्डा आकाशातून. दोन्ही गोष्टी एकाच सायकलवर, दोन दिवसांत पाहता येतात. अशी सोय जगात फार थोड्या जिल्ह्यांना लाभली आहे.