बुरडाचा हात, बाजाराचा वार

आठवडी बाजारात बुरडाची जागा सहसा ठरलेली असते. भाजीच्या रांगा संपतात, मडकी आणि खराटे मागे पडतात, आणि मग एखाद्या वडाखाली किंवा शाळेच्या कुंपणाला लागून सुपांची चळत, एकात एक बसवलेल्या टोपल्या आणि उलट्या ठेवलेल्या कोंबड्यांच्या डाली दिसू लागतात. त्यांच्यामागे बसलेली बाई गिऱ्हाईक नसले तरी मोकळी नसते. पायाच्या अंगठ्याखाली अर्धवट परडी दाबून धरायची, हातांनी विणत राहायचे आणि कोणी थांबले की विणता विणताच भाव सांगायचा, असा तिचा दिवस जातो.

“मावशी, सुपाचं काय सांगितलं?”

“सांगते की. आधी हातात धरून तर बघा.”

हातात धरून बघा, एवढीच त्या मालाची जाहिरात. जाणते गिऱ्हाईक सूप उन्हाकडे धरून विणीतली फट पाहते, काठ अंगठ्याने दाबते, टिचकी मारून आवाज ऐकते, मग दोनदा हवेत हलवून वजन कुठे पडते ते अजमावते. सूप ही साधी दिसणारी पण फार विचाराने घडवलेली वस्तू आहे. मागचा भाग उंच, दोन्ही बाजू उतरत्या आणि पुढचे तोंड उघडे, पातळ. धान्य उडवले की हलके फोलपट वाऱ्याने पुढे जाते आणि दाणा मागे परततो. पाखडणे, घोळणे, आसडणे या तिन्ही क्रिया त्या एका उतारावर चालतात. उतार चुकला तर सूप भिंतीवर टांगायलाच उरते.

बुरूडकाम एकट्याच्याने होत नाही. बहुतेक घरांत बांबू आणणे आणि फोडणे पुरुषाकडे, विणणे बाईकडे, कामट्या तासणे आणि काठ बांधणे म्हाताऱ्यांकडे असते, आणि शाळेतून आलेले पोरही हाताखाली काही ना काही करत असते. बाजाराला मात्र बऱ्याचदा बाईच बसते. माल तिच्या हातचा असतो, आणि घेणारीही बहुतेक वेळा बाईच असते. या घरात कोणी कोणाला मजुरी देत नाही. म्हणूनच टोपलीचा भाव काढताना मजुरी हिशेबात येतच नाही. बांबूला किती गेले, टेम्पोला किती गेले, वर चार पैसे सुटले की नाही, एवढेच पाहिले जाते. तीन माणसांचा दिवस त्या भावात कुठेच दिसत नाही. या धंद्याच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ मला इथे दिसते.

कामाची सुरुवात बांबू निवडण्यापासून होते. विदर्भात मानवेल आणि काटस, कोकणात माणगा आणि चिवा, अशा जाती भागाभागाप्रमाणे बदलतात. मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणून ताकदीच्या कामाला चालतो. काटस जाड आणि पोकळ. कोवळा बांबू सुकताना आकसतो आणि वीण ढिली पडते. जून झालेला फोडताना तडकतो. दोन-तीन वर्षांचा बांबू हवा, आणि तो बेटात उभा असतानाच रंगावरून, पेरांवरून ओळखता यावा लागतो. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नसतो. तोड होते ती थंडीत. तोडलेल्या बांबूतल्या पिष्टावर भुंगा टपलेला असतो. टोपलीखाली पिवळसर भुसा दिसला तर तो त्याचाच. त्यासाठी जुने लोक बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे ते पिष्ट निघून जाई.

फोडण्यात खरी कारागिरी आहे. कोयत्याचे पाते बांबूच्या तोंडावर बसवायचे, एक ठोका द्यायचा आणि मग चीर पुढे नेत न्यायची. प्रत्येक वेळी बरोबर निम्मे करायचे, हा नियम. एक बाजू जाड, दुसरी पातळ राहिली की चीर पातळ बाजूला पळते आणि कामटी मधेच संपते. निम्म्याचे निम्मे, त्याचे पुन्हा निम्मे, असे करत हव्या त्या रुंदीवर यायचे. मग सालीचा थर आणि आतला गाभा वेगळा करायचा. साल चिवट, तिच्यात सिलिका असते, म्हणून पाते लवकर बोथट होते आणि बोटे कापतात. काठाला, तळाला, ओझे पेलणाऱ्या जागी साल लागते. गाभा भरणीला जातो. स्वस्त टोपलीत गाभाच जास्त असतो. घासाघीस करून ज्याला ती मिळते, तो वर्षभराने बुरडालाच नावे ठेवतो.

टोपली विणायला घेतली की तळापासून सुरुवात. उभ्या कामट्या एकमेकींवर आडव्या टाकून चांदणी करायची, मग गोल फेर घ्यायचे, आणि हव्या त्या उंचीला उभ्या कामट्या वळवून काठात अडकवायच्या. यातूनच भाकरीची दुरडी, तांदूळ धुवायची रोवळी, फुलांची परडी, शेणखताचा हारा, धान्याची कणगी होते. मोजपट्टी लागत नाही. वीत आणि चार बोटे, एवढ्यात सगळी मापे बसतात. घरी आल्यावर पुढचे काम गृहिणीचे. नवी टोपली शेणाने किंवा भिजवलेल्या कागदाचा लगदा आणि मेथी वाटून सारवायची, म्हणजे फटी बुजतात आणि पीठसुद्धा ठेवता येते.

हा माल माणसाला जन्मापासून लागतो. बाळाच्या पाचवीच्या पूजेला सूप असते, लग्नात वधूच्या सासूच्या आणि सासरच्या मंडळींच्या डोक्यावर बांबूची झाल धरतात, नवरात्रात कितीतरी घरी घट बसतो तो परडीत, देवीचा जोगवा मागतात तो परडी घेऊन, आणि शेवटची तिरडीही बांबूचीच. एवढ्या प्रसंगांना ज्याच्या हातची वस्तू लागते, त्याला गावाने मात्र फारसे जवळ घेतले नाही. या समाजाने आपला मान शोधला तो बाराव्या शतकातल्या संत केतेश्वरांकडे. मेदार केतय्या या नावानेही ते ओळखले जातात. कल्याणच्या बसवेश्वरांच्या शरणांपैकी ते एक, बांबूच्या टोपल्या विकून पोट भरणारे. हाताने केलेल्या कामालाच पूजा मानणारी ती परंपरा होती. महाराष्ट्रातल्या अनेक बुरूड वस्त्यांत त्यांची जयंती साजरी होते.

बाजाराचे वर्ष सुगीवर आणि सणांवर चालते. देशावर सुगीच्या दिवसांत खळ्यासाठी पाट्या आणि सुपे जातात. पूर्वी तिथे पैसा फिरतच नसे, टोपलीला पायली-दोन पायली धान्य घालत. कोकणात खरी गर्दी गौरीच्या आधी. लग्न झालेल्या मुलीचा पहिला ओवसा गौरीला होतो, तोही गौर पूर्वा नक्षत्रावर आली तर. सुपांत पाने, फळे, फुले भरून ती गौरीपुढे ओवसते आणि मोठ्यांना देते. एका घराला एक सूप पुरत नाही. ज्या वर्षी पूर्वेची गौर येते, त्या वर्षी बाजारात सूप मिळेनासे होते, आणि ज्या वर्षी येत नाही, त्या वर्षी तोच माल घरी पडून राहतो. म्हणून जाणते बुरूड आधी पंचांग पाहतात आणि मग किती बांबू घ्यायचा ते ठरवतात. मोठ्या शहरांत अलीकडे छठपूजेचीही मागणी आली आहे. बिहारी आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या बायका सूर्याला अर्घ्य देतात ते सुपातूनच. पुण्याच्या जुन्या पेठांतल्या बुरूड आळीला आता गौरीइतकीच छठची तारीखही पाठ असते.

पण गौर येते भाद्रपदात. सगळा माल पावसाच्या तोंडावर करून ठेवावा लागतो, आणि ओल लागली की दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, सुपांची चळत रचत. धुराने किडा दूर राही आणि रंगही तांबूस होई. गॅस आला तशी ही सोय संपली. आता पत्र्याच्या खोलीत प्लास्टिकच्या कागदाखाली माल झाकून ठेवावा लागतो.

कुटुंबाचा आठवडा वारांनी बांधलेला असतो. सावंतवाडीचा बाजार मंगळवारी, गोव्यात म्हापशाचा शुक्रवारी. आजूबाजूच्या गावांचे बाजार मधल्या वारांना. ज्या दिवशी बाजार नाही, त्या दिवशी विणायचे. टोपली हलकी, पण जागा खाणारी. वजनाने भाडे ठरले तर परवडते, आकाराने ठरले तर नाही, आणि टेम्पोवाला आकारच पाहतो. एकात एक बसतील अशा मापांचे संच विणण्यामागे हाही हिशेब असतो. एकेकाळी एसटीच्या टपावर हारे-डालगी बांधून बायका बाजाराला जात. टप गेला आणि तो स्वस्त प्रवासही गेला.

बाजारात पोचल्यावर जागेचे पैसे. गावोगावच्या बाजाराची वसुली ग्रामपंचायत लिलावाने ठेक्यावर देते, आणि ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो. पैसे ठरतात ते बहुतेक ठिकाणी किती जागा अडवली यावर. कांद्याच्या ढिगाने अडवलेल्या जागेत दिवसभरात जितकी उलाढाल होते, तितकी टोपल्यांनी अडवलेल्या जागेत कधीच होत नाही. पावती मात्र सारखीच. पथविक्रेत्यांच्या हक्कासाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदा केला, पण तो शहरांसाठी आहे. खेड्यातल्या बाजारात जागा मिळते ती वहिवाटीने आणि ठेकेदाराच्या मर्जीने.

बांबूचा प्रश्न याहून जुना. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. शास्त्राने तो गवत आहे, तरी कायद्याने झाड. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही वाहतूक परवान्याचे लचांड लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा अधिकार मिळवला. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूवरचा झाडाचा शिक्का निघायला २०१७ साल उजाडले. नव्वद वर्षे एका टोपलीमागे चोरीचा संशय उभा होता. याच काळात कागद कारखान्यांना सरकारी जंगलातला बांबू करारांनी, नाममात्र दरात मिळत राहिला. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बुरडाला मात्र दाखला, नोंदणी आणि आगारातली रांग. ही तुलना मला आजही अस्वस्थ करते.

प्लास्टिकने काय केले ते सर्वांना दिसते. पाटी, टोपली, चाळण, सूपसुद्धा प्लास्टिकचे झाले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली ती पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंपुरती. बुरडाच्या मालाशी स्पर्धा करणाऱ्या टबांना आणि घमेल्यांना तिचा धक्का लागला नाही. बुरडाकडे बदलायला फारसे काही नव्हते. अनेक बुरडांची मुले रंगकाम, रिक्षा, बांधकामाकडे गेली. बोटे कापून घेण्यापेक्षा तो रोज बरा वाटला, यात त्यांचा दोष नाही.

सरकारी मदत अगदीच नाही असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू करणारे येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण कोयता बुरडाकडे असतोच. त्याला हवा असतो तो वेळेवर, जवळ आणि एकरकमी पैसे न भरता मिळणारा बांबू. प्रशिक्षणांतून दिवे, मोबाइलचे स्टँड, भेटवस्तू बनवायला शिकवतात आणि त्या शहरातल्या प्रदर्शनांत मांडतात. ते चालू द्यावे. पण प्रदर्शन वर्षातून दोनदा भरते, बाजार आठवड्याला. प्रदर्शनात वस्तू आवडून घेतली जाते, बाजारात लागते म्हणून. बुरूडकाम इतकी वर्षे टिकले ते लागणाऱ्या गिऱ्हाइकावर, आणि पुढे टिकायचे तर तेही त्याच्यावरच.

म्हणून ग्रामपंचायतींकडे मागणे साधे आहे. बाजाराच्या लिलावाच्या अटींत हाताने केलेल्या मालाचा दर वेगळा आणि कमी ठेवा, आणि बुरूड, कुंभार यांच्यासाठी चार खांबांची छपराची जागा राखून ठेवा. भाद्रपदातल्या एका पावसात भिजलेली सुपे म्हणजे त्या घराची सहा महिन्यांची कमाई असते. आणि गिऱ्हाइकाने भाव पाडण्याआधी सूप एकदा उन्हाकडे धरून पाहावे. वीण घट्ट असेल तर सांगितलेला भाव द्यावा.