जनुकांची दुरुस्ती

आईबापांचे गुण मुलांत उतरतात, ते जनुकांमुळे. शरीराच्या घडणीच्या सूचना जनुकांत साठवलेल्या असतात. त्यांतील एखादी सूचना चुकली, तरी रोग जडू शकतो. सिकलसेल हा असाच रोग होय. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात व रोग्यास असह्य वेदना होतात. विदर्भात व नंदुरबारच्या आदिवासी भागातही तो आढळतो.

२०१२ साली एमान्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना या विदुषींनी जनुक नेमक्या जागी कापण्याची रीत दाखवली. तिच्यावर आधारलेल्या सिकलसेलवरील उपचारास २०२३ साली ब्रिटनने मान्यता दिली. त्यात रोग्याच्याच पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून, पुन्हा शरीरात सोडतात.

परंतु जनुक कापता येणे म्हणजे ते पूर्णपणे कळणे नव्हे. सिकलसेलचे जनुक आईबाप दोघांकडून आले, तर रोग होतो. एकाकडूनच आले, तर तेच घातक मलेरियापासून रक्षण करते! मानवाच्या सुमारे २०,००० जनुकांपैकी अनेकांची सर्व कार्ये अद्याप अज्ञात आहेत. २०१८ साली चीनमधील एका शास्त्रज्ञाने भ्रूणांच्या जनुकांत बदल केल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर निषेध झाला. असा बदल पुढील पिढ्यांतही उतरतो आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

रोग्याचे दुःख पाहून शास्त्रज्ञाने स्वस्थ बसू नये. पण जे कळले नाही, त्यावर शस्त्रही चालवू नये.