फळा शार्प, मावशी धूसर!

'मराठी विभागात या वर्षी कवितांचा महापूर आलाय, तू काहीतरी टेक्निकल लिही,' असं म्हणत संपादक मंडळ महिनाभर माझ्या मागे लागलं होतं. मी पडले कॉन्व्हेंटची! एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हा प्रश्न मला अजून पडतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हा लेख खरं तर माझ्या एका वेगळ्याच चुकीबद्दल आहे.

आपल्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी गेल्या टर्मच्या शेवटी रिटायर झाल्या. बावीस वर्षं त्यांनी आपल्याला (आणि आपल्या आधीच्या कितीतरी बॅचेसना) जेवू घातलं. त्यांच्या निरोप समारंभाचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण फोटोग्राफी क्लबचा जुना डीएसएलआर तेव्हा माझ्या रूमवर होता. मावशींनी आदल्या दिवशी मुद्दाम सांगितलं होतं, "पोरी, एक फोटू चांगला काढ. मोठा करून घरी भिंतीला लावायचाय."

मी त्रेचाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. रात्री कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले आणि पोटात गोळा आला. रेक्टर मॅडम मावशींना शाल-श्रीफळ देतायत, तो मुख्य फोटो. त्यात मागच्या भिंतीवरचा मेसचा फळा इतका स्पष्ट की 'गुरुवार : मटकी उसळ' हे खडूच्या भुकटीसकट वाचता येत होतं. आणि मावशींचा चेहरा मात्र पाण्यातून पाहिल्यासारखा!

आठवडाभर मी मेसच्या बाजूला फिरकले नाही. शेवटी फोटो दाखवलाच. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फळा लई झ्याक आलाय की गं!" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी जिद्दीला पेटले. कॅमेऱ्याचं मॅन्युअल, लायब्ररीतली ऑप्टिक्सची पुस्तकं आणि कंट्रोल सिस्टिम्सच्या नोट्स (पहिल्यांदाच परीक्षा नसताना!) काढून बसले. त्यातून जे समजलं ते इथे सांगते.

कॅमेरा फोकस करतो म्हणजे काय करतो?

एक प्रयोग करा. बोट नाकासमोर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट जितकं जवळ, तितकी उडी मोठी. डीएसएलआरमध्ये हेच तत्त्व वापरतात. कॅमेऱ्यातला मुख्य आरसा थोडासा पारदर्शक असतो. त्यातून गेलेला काही प्रकाश मागचा छोटा आरसा खाली तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे पाठवतो. तिथे लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा पडतात. त्या दोघींमधलं अंतर ठरावीक मापाचं असेल तर फोकस बरोबर. कमी किंवा जास्त असेल तर फोकस पुढे आहे की मागे, आणि लेन्स किती फिरवायची, हे एकाच मापात कळतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात.

दुसरी पद्धत कॉन्ट्रास्ट डिटेक्शनची. जुन्या रेडिओवर आपण स्टेशन कसं लावतो? बटण फिरवत जायचं, आवाज स्वच्छ झाला, मग पुन्हा खरखर सुरू झाली की थोडं मागे यायचं. अगदी तसंच कॅमेरा लेन्स फिरवत जातो, कडा सर्वांत ठळक होण्याचा बिंदू ओलांडतो आणि परत येतो. पद्धत अचूक पण हळू, कारण कुठल्या दिशेला जायचं हे आधी कळत नाही. जुन्या डीएसएलआरमध्ये स्क्रीनवर बघून फोटो काढायला गेलं की फोकस रेंगाळतो तो यामुळेच.

इतिहास थोडक्यात : बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्यात फोकसचा सेन्सर आणि मोटर दोन्ही कॅमेऱ्याच्या अंगातच आले आणि तो तुफान खपला. पुढे हनीवेल कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. २०१३ मध्ये कॅननने ईओएस ७०डी मध्ये फोटो काढणाऱ्या मुख्य सेन्सरच्याच प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग केले, म्हणजे आरशाशिवाय फेज डिटेक्शन. आजचे मिररलेस कॅमेरे आणि कितीतरी मोबाईल याच वाटेने गेले आहेत.

पण या सगळ्यात एक गोष्ट बघा. सेन्सर अंतर मोजतो, कडा मोजतो. त्या कडा मावशींच्या आहेत की मटकी उसळीच्या, याच्याशी त्या बिचाऱ्याला काही देणंघेणं नाही. ते आपणच सांगायचं असतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

चार फोटो, चार चुका

पहिला फोटो, शाल-श्रीफळाचा. मी फोकसचा मधला बिंदू निवडला होता. मावशी डावीकडे, रेक्टर मॅडम उजवीकडे आणि फ्रेमच्या बरोबर मध्ये दोघींमधली फट. फटीत काय, तर फळा! कॅमेऱ्याने सांगितलेलं काम चोख केलं. उपाय : बाणाच्या बटणाने फोकसचा बिंदू हलवून चेहऱ्यावर आणायचा. चेहरा फ्रेममध्ये मोठा असेल तर कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर.

दुसरा फोटो, हातात पुष्पगुच्छ. पहिल्यानंतर मी 'सगळे बिंदू, कॅमेराच ठरवेल' असा मोड लावला होता. अशा वेळी जुने कॅमेरे बहुधा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतात. जवळ होता निशिगंध. त्याची पाकळी न् पाकळी मोजून घ्या, मावशी मागे ढगात. नवे कॅमेरे चेहरा आणि डोळे ओळखतात, त्यामुळे ही चूक कमी होते. पण फ्रेममध्ये दहा चेहरे असले तर त्यातला कोणता हवा, हे तिथेही आपणच सांगावं लागतं.

तिसरा फोटो, मावशी खुर्चीतून उठून स्टेजकडे येताना. मी शटरचं बटण अर्धं दाबलं, बीप आला, हिरवा ठिपका दिसला. मग त्या छान हसेपर्यंत मी थांबले. तोवर त्या दोन पावलं पुढे आल्या होत्या! मोड होता सिंगल (कॅमेऱ्यानुसार याला वन शॉट किंवा एएफ-एस म्हणतात). त्यात एकदा बीप आला की बटण सोडेपर्यंत फोकस तिथेच कुलूपबंद. चालत्या माणसासाठी, क्रिकेटसाठी, गॅदरिंगच्या डान्ससाठी कंटिन्युअस मोड हवा (एआय सर्व्हो किंवा एएफ-सी). त्यात बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा सतत मोजत राहतो आणि पुढच्या क्षणी माणूस कुठे असेल याचा अंदाजही बांधतो. आपलं काम एवढंच, की बिंदू त्या माणसावरून हलू द्यायचा नाही.

चौथा फोटो निघालाच नाही. मावशी माइकवर बोलायला उभ्या राहिल्या, अंगावर पांढरी साडी, हॉलमध्ये मिणमिणते दिवे. कॅमेऱ्याची लेन्स गुर्र-गुर्र करत पुढे-मागे जात राहिली. याला हंटिंगच म्हणतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण जी आंदोलनं काढतो त्यांचीच ही बहीण. फीडबॅक लूपला पकडायला सिग्नलच नाही! सपाट रंगाच्या कापडात कडा नाहीत, त्यात अंधार. उपाय : तेवढ्याच अंतरावरची ठळक कड शोधायची. साडीचा काठ, चष्म्याची फ्रेम, माइक धरलेला हात. जुन्या कॅमेऱ्यांत मधला बिंदू बहुधा क्रॉस टाइपचा असतो, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेघा ओळखतो. बाजूच्या बिंदूंना कित्येकदा एकाच दिशेच्या रेघा दिसतात. म्हणून अंधारात मधला बिंदू जास्त भरवशाचा.

मग मधल्याच बिंदूने फोकस करून फ्रेम सरकवली तर?

आमच्या क्लबात सगळे हेच करतात. मधला बिंदू डोळ्यावर, बटण अर्धं दाबायचं, मग कॅमेरा वळवून फ्रेम नीट करायची. लांबचं असेल तर चालतं. जवळून मात्र भूमिती आडवी येते.

हिशोब करू. क्लबची लेन्स ५० मिमी, एफ/१.८. सेन्सर लहान, एपीएस-सी. दीड मीटरवरून चेहरा काढला तर शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, साधारण ६ सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त असतं! म्हणजे निम्मा पट्टा, ३ सेंटिमीटर, पुढे आणि तेवढाच मागे. आता फोकस करून कॅमेरा १२ अंश वळवला. फोकसचं प्रतल सपाट असल्याने तेही कॅमेऱ्याबरोबर वळतं. डोळा आता त्या प्रतलापासून १.५ × (१ − कॉस १२°) मीटर, म्हणजे जवळपास सव्वातीन सेंटिमीटर पुढे राहिला. पट्ट्याच्या बाहेर! डोळे मऊ आणि कान शार्प, असे फोटो का येतात त्याचं हे एक उत्तर. म्हणून जवळून, मोठ्या अॅपर्चरला, बिंदूच हलवा, कॅमेरा नको. किंवा अॅपर्चर एफ/४ करा, पट्टा सुमारे १४ सेंटिमीटरचा होतो.

आणखी एक. फोटो बिघडला की लगेच ऑटोफोकसला शिव्या घालू नका. फोटोत दुसरं काहीतरी शार्प असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर आपला हात हलला. फक्त माणूस फराटलाय आणि भिंत स्वच्छ असेल तर शटर स्पीड कमी पडला. तिन्हींची औषधं वेगळी.

पुन्हा एकदा मेसमध्ये

हिशोबाच्या कामासाठी मावशी एका शनिवारी परत येणार होत्या. मी रेक्टर मॅडमच्या पाया पडून स्वयंपाकघरात फोटो काढायची परवानगी मिळवली. डावीकडच्या खिडकीतून उजेड येत होता. मावशींना सवयीने राहवेना, त्यांनी कधी भाकरी थापायला घेतली कळलंही नाही. मी सिंगल मोड लावला, अॅपर्चर एफ/४, शटर १/१२५, आयएसओ १६००. पातेल्याच्या वाफेमुळे कॅमेरा सुरुवातीला चाचपडला. मग मी बिंदू वर सरकवून त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाच्या कडेवर नेला. गडद लाल, गोल, डोळ्यांच्या जवळपास त्याच अंतरावर. बीप! या वेळी मोठं करून तिथल्या तिथे तपासलं. पापण्यासुद्धा मोजता येत होत्या.

मी विजयी मुद्रेने मावशींना दाखवला. त्यांनी पाहिलं, हसल्या. मग विचारलं, "तवा कुठाय गं यात?"

मी म्हटलं, "मावशी, तो मागे धूसर आहे ना, तसंच छान दिसतं. फोकस तुमच्यावर आहे."

"बावीस वर्षं त्याच्यासमोर उभी हाय मी. त्याला धूसर कशापायी?"

काय बोलणार! आठवडाभर मी कॅमेऱ्याला सांगत होते की काय महत्त्वाचं ते मी ठरवणार. पण ज्यांच्या भिंतीवर फोटो लागायचा, त्यांना मी विचारलंच नव्हतं.

मग मी तीन मीटर मागे सरकले आणि अॅपर्चर एफ/८ केलं. पट्टा आता मीटरभराहून जास्त, म्हणजे मावशी आणि मागचा मोठा तवा दोन्ही त्यात. पण एफ/४ वरून एफ/८ म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश, शटर १/३० वर आला. हातात धरून धोका नको म्हणून कॅमेरा पिठाच्या पालथ्या डब्यावर ठेवला, बिंदू पुन्हा कुंकवावर आणला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि म्हटलं, "मावशी, आता दोन क्षण हलायचं नाही हं."

मावशी तव्याला टेकून उभ्या राहिल्या. ताठ, दोन्ही हात पदराआड. कॅमेरा क्लिक झाल्यावरही त्या बराच वेळ हलल्या नाहीत.

त्यांनी नेला तो हाच फोटो. आणि फळ्याचा फोटोही मागून घेतला. "गुरवारची उसळ माझीच की," म्हणाल्या.

तर मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या गॅदरिंगला कॅमेरा हातात आला तर एवढं लक्षात ठेवा. बिंदू स्वतः निवडा. माणूस स्थिर असेल तर सिंगल, चालता असेल तर कंटिन्युअस. अंधारात ठळक कड शोधा. जवळून फ्रेम सरकवू नका. फोटो तिथल्या तिथे मोठा करून तपासा, कारण निरोप समारंभाला री-एक्झाम नसते. मला मिळाली, ते माझं नशीब.

आणि बटण अर्धं दाबायच्या आधी समोरच्या माणसाला विचारा, की या फोटोत त्याला काय दिसायला हवंय.