वकील बँकेचा, घर आपले

माझ्या निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. लातूरच्या गंजगोलाईत कापडाचे दुकान असलेले एक स्नेही जाडजूड फाईल घेऊन घरी आले. चिरंजीवांनी नांदेडला स्वतंत्र दुकान थाटले होते आणि तेथेच एक जुने बैठे घर जागेसह घेण्याचे ठरले होते. विकणारे दोघे भाऊ. कर्जाला तत्त्वतः मंजुरी मिळालेली, बँकेच्या पॅनेलवरील वकिलांचा शोध अहवालही आलेला. साठेखत करून मोठी रक्कम द्यायची तेवढी राहिली होती. "बँकेच्या वकिलांनी सगळे पाहिले आहे, साहेब. आता वेगळा वकील कशाला करायचा? तुम्ही फक्त एकदा नजर टाका," असे ते म्हणाले.

कर्जविभागात काम करताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी गुळमुळीत उत्तर दिले. आज स्पष्ट लिहितो. पॅनेलवरील वकिलाची नेमणूक बँक करते आणि त्याचा अहवाल बँकेच्या नावे असतो. फी मात्र आपण भरतो. बँकेला पाहायचे असते ते एवढेच की दिलेले कर्ज तारणातून वसूल होईल की नाही. तिच्या हाती घराखेरीज कर्जदाराचे उत्पन्न असते, जामीनदार असतो. मालकी हक्कात खोट निघाली तरी हप्ता थांबत नाही; बुडते ते आपण पदरचे घातलेले भांडवल आणि डोक्यावरचे छप्पर. आणखी एक कबुली द्यावीशी वाटते. मार्चअखेरीच्या धावपळीत आम्ही अधिकारी त्या अहवालाचे शेवटचे वाक्य तेवढे वाचत असू: 'मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य आहे.' वरची आठ-दहा पाने शिपायाखेरीज कोणी उलटली असतील, याची खात्री मला देता येत नाही.

मुंबईत या कामासाठी सॉलिसिटर असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेभोवती वाढलेली ती वेगळी परंपरा आहे. आपल्या जिल्ह्यांत हे काम दिवाणी वकिलालाच करावे लागते. काम म्हणजे केवळ खरेदीखताचा मसुदा नव्हे. तो तर दस्तलेखकही तयार करून देतो. खरे काम असते मालकीची साखळी तपासण्याचे. आज विकणाऱ्याला ही मिळकत कोणाकडून आली, त्याला कोणाकडून, मधल्या काळात गहाण, वाटणी, दावा, मृत्यू, बक्षीसपत्र काय काय झाले, हे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची-दोन, फेरफार आणि मिळकत पत्रिका यांतून कडीला कडी लावून पाहायचे. आपल्या पिढीजात चोपड्यात मागील बाकी पुढे ओढताना एक रुपया चुकला तर मुनीम रात्रभर झोपत नसे. येथेही तोच हिशेब.

हा शोध सामान्यतः तीस वर्षांचा असतो आणि त्याला कारण आहे. गहाण सोडवून घेण्याचा दावा लावण्याची मुदत पूर्वी साठ वर्षे होती; १९६३ च्या मुदत कायद्याने ती तीस केली. परंतु मराठवाड्यात तीस वर्षे मागे गेलो तर आपण १९९० च्या दशकाशी थांबतो. येथील जमिनींचे मूळ दुखणे त्याच्या फार आधीचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. अनेक जमिनी इनामी होत्या. मदतमाश, खिदमतमाश हे शब्द आजही जुन्या कागदांत भेटतात. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतर यांतील कित्येक जमिनी भोगवटादार वर्ग-दोन म्हणून नोंदल्या गेल्या आणि त्यांचे हस्तांतर सरकारी परवानगी व नजराण्याशी बांधले गेले. देवस्थाने व धार्मिक संस्थांच्या जमिनींचे प्रकरण तर निराळेच. गावाबाहेरच्या अशा शेतांवर पुढे शहर पसरले, भूखंड पडले, चार हातांतून विक्री झाली आणि शेवटच्या खरेदीदाराच्या हाती स्वच्छ दिसणारे नोंदणीकृत खरेदीखत आले. तीस वर्षांच्या अहवालात त्या जमिनीचे मूळ दिसतच नाही.

म्हणून नांदेड-लातूरमध्ये वकिलाला आणखी एक प्रश्न विचारावा: ही जमीन खाजगी मालकीची मुळात कशी झाली? त्यासाठी १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक, जुने पाहणी पत्रक पाहावे लागते. मजकूर उर्दूत असेल तर वाचणारा माणूस गाठावा लागतो. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. जुना कागद लातुरात मिळाला नाही तर आजच्या धाराशिवची फेरी घडू शकते. ती फेरी करणारा वकील हवा. जमीन वर्ग-दोनची असेल, तर नजराणा भरल्याचे चलन आणि सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, दोन्ही डोळ्यांनी पाहावे. 'होऊन जाईल' या शब्दावर कापडाचे ठाणही आपण उधार देत नाही.

दोन गैरसमज आपल्या समाजातही घट्ट आहेत. पहिला सातबाऱ्याचा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा दस्त नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दुसरा बॉण्ड पेपरचा. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे सह्या झाल्या, सोबत मुखत्यारपत्र घेतले, ताबा मिळाला, झाले घर. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ म्हणते की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्रावरील अशा विक्रीतून मालकी मिळत नाही, असे निःसंदिग्ध सांगितले. साठेखत नोंदवले तरी तेही विक्रीचा करारच. मालकी खरेदीखतानेच येते.

आता वकील कसा निवडावा? विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको, मग तो कितीही सज्जन असो. फौजदारीत नाव गाजलेला नको. दिवाणी न्यायालयात वाटणीचे व मालकीचे दावे चालवणारा हवा, कारण मिळकती कोठे फाटतात हे त्याला ठाऊक असते. इसार देण्यापूर्वी त्याच्याकडे जावे, नंतर नव्हे. अहवाल लेखी व आपल्या नावे असावा, पाहिलेल्या कागदांची यादी आणि शोध शुल्काची पावती त्याला जोडलेली असावी. मी स्वतः एकच प्रश्न विचारतो: "वकीलसाहेब, कोणते कागद आपल्याला पाहायला मिळाले नाहीत?" या प्रश्नावर चिडणाऱ्याला नमस्कार करून उठावे. दलालाला शेकड्याने रक्कम मोजताना आपण कुरकुर करत नाही आणि वकिलाच्या फीवर मात्र मोंढ्यातल्यासारखी घासाघीस करतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

सदनिका घेणाऱ्यांसाठी थोडे निराळे. महारेरा नोंदणी पाहावी आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. जुन्या इमारतीत घर घेत असाल तर खालची जमीन अजून कोणाच्या नावे आहे ते विचारा. १९६३ च्या कायद्याखालील नियमांनुसार, मुदत वेगळी ठरली नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत विकासकाने अभिहस्तांतरण करून द्यायचे असते. अनेक ठिकाणी ते वर्षानुवर्षे होत नाही. तेव्हा जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखालील असेल तर नोंदणीकृत घोषणापत्र मागावे.

रोखीविषयी अप्रिय वाटेल असे लिहितो. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. कायद्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली तरी व्यापारी हिशेब पाहा: मालकी कोसळली तर परत मागता येते ती दस्तात लिहिलेली रक्कम. न लिहिलेल्या रकमेचा दावा कोणत्या तोंडाने करणार?

पुन्हा स्नेह्यांच्या फाईलकडे वळतो. घर वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले, वडील मृत्युपत्र न करता गेलेले, वारसाच्या फेरफारात दोन मुलांची नावे, सोबत त्यांचे प्रतिज्ञापत्र. मी विचारले, "यांना बहीण नाही का?" स्नेही म्हणाले, "आहे ना. सोलापूरला दिली आहे." जणू दिल्याने हिशेब संपला! आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि तो २००५ पासून नव्हे, १९५६ पासून आहे. २००५ ची दुरुस्ती व २०२० चा विनीता शर्मा निकाल वडिलोपार्जित एकत्र मिळकतीविषयीचे आहेत. बँकेचा अहवाल प्रतिज्ञापत्रावर थांबला होता. बहिणीने उद्या वाटणीचा दावा लावला असता, तर आमच्या स्नेह्यांना अर्ध्या-मुर्ध्या घरात सहहिस्सेदार म्हणून राहावे लागले असते.

स्नेह्यांनी नांदेडला स्वतःचा वकील केला. त्यांनी भावांना दोन मार्ग सांगितले: बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणा किंवा तिला विक्रेती म्हणून खरेदीखतात घ्या. भाऊ प्रथम रागावले. "तिने कधी मागितले नाही," हे वाक्य मी त्या दिवसांत तीन वेळा ऐकले. व्यवहार सव्वादोन महिने लांबला. अखेर बहीण सोलापूरहून आली आणि दुय्यम निबंधकांपुढे विक्रेती म्हणून तिने अंगठा व सही दिली. घर सूनबाईंच्या एकटीच्या नावे घेतल्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली आणि माझ्या अंदाजाने वकिलाची फी त्यातच निघाली. ठरलेल्या किमतीचे त्या दिवशी दोनऐवजी तीन धनादेश निघाले. तिसरा घेताना बहिणीने तो दोनदा वाचला, घडी न घालता पर्समध्ये ठेवला आणि भावांसाठी सोलापूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीतून बाहेर काढली.