पुंगळीतला उन्हाळा

मे महिन्यातल्या शनिवारी भर दुपारी शनिशिंगणापूरला चौथऱ्यासमोर उभं राहून पाहा. काळी शिळा उघड्यावर, डोक्यावर छप्पर नाही, आणि तिच्यावर ओतलेलं तेल पाण्यासारखं धावतं. पौषात पहाटे याच जागी तेच तेल जरा रेंगाळत, चिकटत उतरतं. तेल बदललेलं नसतं, शिळाही तीच असते. बदललेलं असतं ते तापमान.

इथून नैर्ऋत्येला, नगरच्या अंगाला, खारे कर्जुन्याचं माळरान आहे. लष्कराच्या भाषेत के. के. रेंज. रणगाड्यांच्या तोफांचे धमाके ऐकतच राहुरी-पारनेरच्या गावांमधल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारं क्षेपणास्त्र २२ सप्टेंबर २०२० रोजी इथेच डागलं गेलं आणि त्याने ३ किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं. आधुनिक रणगाड्यात नेम धरायला संगणक असतो. लक्ष्य किती दूर, वारा कुठून, नळी किती झिजली हे तर तो विचारतोच, पण आणखी एक प्रश्न विचारतो, जो बाहेरच्या माणसाच्या डोक्यातही येणार नाही : तोफगोळ्यातल्या दारूचं तापमान किती?

हा प्रश्न रणगाड्याइतकाच रायफलीच्या करंगळीएवढ्या काडतुसालाही लागू पडतो. लांब पल्ल्याचं काडतूस स्वतः बेतणाऱ्या, दारू तोलून स्वतः भरणाऱ्या हौशी मंडळींचा एक पंथ जगात आहे. अमेरिकेत तो फोफावलेला आहे. त्यांच्या वह्या चाळल्या तर गोळीइतकीच जागा ऊन-थंडीने अडवलेली दिसते. आणि या काडतुसांच्या घराण्याचा इतिहास उलगडत गेलं की तो आपल्याच उन्हापावसात येऊन पोचतो.

आधी काडतुसाची रचना. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. खटका ओढला की दारूचा स्फोट होतो असं आपण सहज म्हणून जातो, पण तो स्फोट नसतो. ती जळते, फार वेगाने पण शिस्तीत, कणाच्या पृष्ठभागावरून आतल्या दिशेने. जळताना वायू होतो, वायूने दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबाने ती आणखी वेगाने जळते. हे सगळं साधारण दीड मिलिसेकंदात आटोपतं. दारू मुळातच तापलेली असेल तर पेट घ्यायला तिला कमी उष्णता पुरते, जळणं लवकर उसळतं आणि दाबाचं शिखर उंच जातं. सर्वसाधारण रायफलीच्या दारूत दर अंश सेल्सिअसला गोळीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास बदलतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. नगरची डिसेंबरमधली पहाट आणि मेमधली दुपार यांत तीस अंशांचं अंतर पडतं, म्हणजे वेगात सेकंदाला पंधरा मीटरचा फरक.

आफ्रिका-हिंदुस्थानात बंदुका विकणाऱ्या विलायती कारागिरांना याचा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच आला होता. तेव्हाची दारू म्हणजे कॉर्डाइट : नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलीन मळून काढलेल्या शेवया. विलायतेच्या गारठ्यात गुणी, उष्ण मुलखात चिडखोर. लंडनमध्ये नीट चाललेली रायफल इथल्या उन्हात दाब वाढवायची. पुंगळी नळीत अशी फसायची की बाहेर निघेना, आणि समोर जखमी जनावर असेल तर हा विनोद नव्हता. जॉन रिग्बी कंपनीने १९११ मध्ये .४१६ रिग्बी हे काडतूस काढलं, ते हा धडा शिकूनच. पुंगळी अवाढव्य ठेवली. दारूला पसरायला जागा मिळाली, दाब मुळात कमी राहिला आणि ऊन चढलं तरी वर वाव उरला. आजच्या युरोपीय मानकातही .४१६ रिग्बीचा कमाल दाब ३२५ मेगापास्कल इतकाच धरलेला आहे. म्हणजे त्या पुंगळीतली रिकामी जागा ही खरं तर उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती.

सत्तर वर्षांनी त्या जागेवर भलत्याच लोकांचा डोळा गेला. तोवर दारू सुधारली होती, आणि अमेरिकी लष्करासाठी लांब पल्ल्याची रायफल बनवू पाहणाऱ्या रिसर्च आर्मामेंट इंडस्ट्रीज या कंपनीला मोठी पुंगळी हवी होती. त्यांनी १९८३ च्या सुमारास रिग्बीची पुंगळी घेऊन तिचा गळा आवळला आणि त्यात .३३८ इंच व्यासाची सडपातळ गोळी बसवली. असल्या काडतुसांना त्या पंथात ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. रानमांजर. कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात नोंद नाही, दुकानात मिळत नाही. एका घरची पुंगळी, दुसऱ्या घरची गोळी, जुळवणारा तिसराच.

हे रानमांजर पहिल्या झटक्यात फसलं. १६.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९१४ मीटर वेगाने सोडायची, तर दाब रिग्बीच्या कितीतरी वर न्यावा लागतो, आणि पुंगळीचं बूड तो सोसेना. फिनलंडच्या लापुआ कंपनीने मग पुंगळी नव्याने आखली : बुडाची भिंत जाड केली, आणि पितळेचा कठीणपणा बुडापासून गळ्यापर्यंत हिशेबाने उतरता ठेवला. १९८९ मध्ये .३३८ लापुआ मॅग्नम या नावाने त्याची रीतसर नोंद झाली, कमाल दाब ४२० मेगापास्कल. जगातल्या अनेक सैन्यांच्या नेमबाजांकडे, आपल्या नियंत्रण रेषेवरच्यांकडेही, आज याच काडतुसाच्या रायफली आहेत.

हा उतरता कठीणपणा मला सगळ्यात मोहक वाटतो, कारण तो पुण्याच्या तांबट आळीत कानाने ऐकता येतो. तिथे मठारकाम करणारा कारागीर हातोडीने ठोके देत जातो तसं भांडं ताठ होत जातं. फार ठोकलं तर धातू ठिसूळ होतो, म्हणून मधूनच तो भट्टीत लालबुंद करून पुन्हा मऊ करून घेतात. पुंगळीचंही तेच. ती सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताच्या पितळेची. बार उडताना ती फुगून नळीच्या भिंतीला चिकटली पाहिजे, म्हणजे वायू मागे येत नाही, आणि लगेच थोडी आकसली पाहिजे, म्हणजे ओढून काढता येते. बूड ताठ हवं, गळा मऊ हवा. एकाच बोटभर पितळेत दोन स्वभाव.

या गळ्याचं एक दुखणं तर खास आपल्या पावसाळ्याने उजेडात आणलं. इंग्रज अमलात घोड्यांच्या तबेल्यांत काडतुसांचा साठा ठेवलेला असे. पावसाळा संपला की पुंगळ्यांना गळ्याशी आपोआप चिरा पडलेल्या दिसत. ना कुणी हात लावलेला, ना बार काढलेला. हा रोग ऋतूबरोबर येतो म्हणून त्याला ‘ऋतूची चीर’ अशा अर्थाचं नावच पडलं. उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांची युती पितळेवर चालून जाते, पण चीर पडते ती पुंगळी ओढून घडवताना धातूत अडकून राहिलेल्या ताणामुळे. उपाय साधा निघाला : पुंगळी घडल्यावर ती हलकेच तापवायची, म्हणजे ताण सुटतो. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हा किस्सा आजही सापडतो. घोड्यांना त्याचं श्रेय कुणी देत नाही.

पुंगळी जमली तरी मोठं काम पुढेच असतं. जास्तीत जास्त वेग मिळवणं ही हौस नवख्याची. जाणकार शोधतो तो सारखेपणा : दहा बार, दहाही वेळा नळीच्या तोंडाशी वेग जवळजवळ तोच. म्हणून तो पुंगळ्या तोलतो, गळा किती घट्ट धरतो ते पाहतो, प्रत्येक बाराचा वेग यंत्राने मोजून वहीत उतरवतो. आणि इथेच भलेभले फसतात. एका मापाच्या तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या, की “सापडलं!” म्हणून मोकळे होतात. पुढच्या रविवारी तेच माप तिन्ही गोळ्या तीन दिशांना टाकतं. तीन हा आकडाच योगायोगाचा आहे. शिंगणापूरच्या पश्चिमेला राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथे कुणी एका वाफ्यातली तीन कणसं पाहून वाण जाहीर करत नाही. तेच वाण अनेक वाफ्यांत, पुन्हा पुन्हा, विखरून लावतात, मगच वाणाचा गुण आणि जमिनीचा गुण वेगळा काढता येतो. रायफलवाल्यांनी राहुरीच्या एखाद्या कृषिशास्त्रज्ञाकडे दोन दिवस शिकवणी लावली, तर त्यांची निम्मी दारू वाचेल असं माझं मत आहे.

गोळी नळीबाहेर पडली की ऊन पुन्हा भेटतं. .३३८ ची गोळी १००० मीटर जायला साधारण दीड सेकंद घेते आणि तेवढ्यात नऊ-दहा मीटर खाली येते. नेम तेवढा वर धरावा लागतो. आता मघाचा पंधरा मीटरचा फरक आठवा. वेग पावणेदोन टक्क्यांनी वाढला की ही घसरण सव्वातीन टक्क्यांच्या आसपास घटते. थंडीत बसवलेला नेम मे महिन्यात सुमारे तीस सेंटीमीटर वर लागतो, आणि तापलेली हवा विरळ असल्यामुळे त्यात आणखी भर पडते. चुकलं कोण? बंदूक नाही, माणूस नाही. काडतूस सकाळपासून उन्हात पडलं होतं.

वाऱ्याचा हिशेब तर आणखी गमतीचा. वारा गोळीला पूर्ण दीड सेकंद आपल्याबरोबर वाहून नेतो असं वाटतं, पण तसं होत नाही. हवेचा अडथळाच नसता तर गोळी सव्वा सेकंदाच्या आत पोचली असती. हवेमुळे तिला जो उशीर होतो, सुमारे एकतृतीयांश सेकंदाचा, तेवढ्या वेळात वारा जितका सरकेल तितकीच गोळी बाजूला जाते. ताशी दहा किलोमीटरची आडवी झुळूक म्हणजे जवळजवळ एक मीटर. उशीर कमी करा, वारा आपोआप कमी लागतो. म्हणून तर निमुळत्या, लांबट गोळ्यांचा एवढा सोस.

पृथ्वीचं फिरणंही यात हात धुऊन घेतं. शिंगणापूर उत्तर अक्षांश १९ अंशांच्या थोडं वर आहे. इथून १००० मीटरवर झाडलेली गोळी पृथ्वीच्या फिरण्यामुळे तीन-साडेतीन सेंटीमीटर उजवीकडे सरकते. युरोपात हे सरकणं दुपटीहून जास्त. पण विषुववृत्ताजवळ असल्याचा दुसरा परिणाम आपल्याकडे जोरात : शेवगावकडे तोंड करून, पूर्वेला झाडली तर गोळी दहाएक सेंटीमीटर वर लागेल, राहुरीकडे, पश्चिमेला झाडली तर तेवढीच खाली.

हे सगळं अर्थात कागदावर. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार काडतूस तयार करायला परवाना लागतो, तेव्हा घरी बसून रानमांजर पाळणं हा गुन्हा आहे. दारूची मापं या लेखात नाहीत ती त्यामुळेच. गंमत अशी की बंदीच्या पोटीही काडतुसं जन्मली आहेत. बंडखोरांच्या हाती दारूगोळा पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या काडतुसांची आयात बंद केली. लंडनच्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढून बाजार सावरला. लष्करी .३०३ खासगी माणसाला नको, म्हणून ऑस्ट्रियाचं जुनं आठ मिलिमीटरचं काडतूस .३१५ या नावाने इथे रुजलं. त्याच्या रायफली इशापूरच्या आणि काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातली.

आपल्या नेमबाजांना तर भरण्याचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं ते पन्नास मीटरवर, .२२ च्या काडतुसाने. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, जेमतेम एका हरभऱ्याएवढं. या काडतुसाची ठिणगीची दारू पुंगळीच्या काठातच असते, खटक्याने काठ चेपला की संपलं. ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज काडतुसाचा घाणा निवडतात : एकाच दिवशी, एकाच यंत्रावर निघालेल्या खोक्यांतलं कोणतं आपल्या नळीशी जुळतं ते पाहतात आणि तो घाणा पुरवून पुरवून वापरतात. लोणच्याच्या बरणीसारखा.

उन्हाची गोष्ट निघाली आहे तर नगरच्याच एका तोफेची सांगतो. मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये निजामशाहीत महंमद बिन हसन रूमीने ओतली, पुढे ती परांड्याला आणि तिथून विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. भर उन्हातही ही तोफ हाताला थंड लागते, असं विजापूरचे वाटाडे सांगतात आणि पर्यटक हात लावून माना डोलावतात. चमत्कार नाही, आकडेमोड आहे. एवढा धातू एका अंशाने तापवायला सुमारे दोन कोटी ज्यूल उष्णता लागते. तोफेच्या अंगावर पडणारं ऊन धरलं, तर एका अंशाला तास-दीड तास मोडतो. तोवर दुपार कलते. तोफेच्या बुरुजाच्या कठड्यावर कुणी चाळीसेक ग्रॅमचं काडतूस ठेवलं, तर पाणी पिऊन येईपर्यंत ते बोटाला चटका देईल.