येणाऱ्यास एक दार, जाणाऱ्यास दुसरे

भारतात येणाऱ्यांसाठी : भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९५० साली स्थापिलेली आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत चालणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणशुल्काची, निर्वाहवेतनाची व घरभाड्याची तजवीज करते.

बाहेर जाणाऱ्यांसाठी : मुरूड तालुक्यातील आगरदांड्याच्या विद्यार्थ्याला, त्याच्या गावच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या दिघीस जाण्याइतके परदेशी शिकावयास जाणे सोपे नाही; शिष्यवृत्तीसाठी बहुधा यजमान राष्ट्राकडेच अर्ज गुदरावा लागतो.

- जर्मनी : ‘डाड’ (DAAD) ही शैक्षणिक विनिमय संस्था, स्थापना १९२५.
- जपान : सरकारी शिष्यवृत्ती, १९५४ पासून.
- अमेरिका : फुलब्राइट शिष्यवृत्ती, भारताशी २ फेब्रुवारी १९५० चा करार, २००८ च्या नव्या करारानंतर खर्चाचा भार उभय सरकारांवर समसमान.

मराठीचा लाभ : कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज जेथे नांदतात त्या मॉरिशसमध्ये, १९७० साली भारत व मॉरिशस या दोन्ही सरकारांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते.

भाषा टिकण्याचे शेजारचे उदाहरण : ज्या पोर्तुगीजांचा चौल-रेवदंड्यावरील अंमल १७४० साली संपला, त्यांच्या भाषेपासून घडलेली मिश्रबोली याच मुरूड तालुक्यातील कोर्लई गावच्या ख्रिस्ती वस्तीत अद्याप बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर. आणि ती टिकली, हे नमूद करावयास हवे, कोणत्याही अनुदानावाचून, घरच्या व्यवहारातूनच.