जुनी गाडी बंद पडली तर : खर्चाआधी तपासणी

आमच्या कित्येक व्यापारी बंधूंच्या दारात आजही जुनी प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनंतरही तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणून ती वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घेणे जरूर आहे.

आमचाच अनुभव सांगतो. ऑक्टोबरच्या उन्हात कापडाचे नमुने घेऊन माहीमहून मंगलदास मार्केटकडे निघालो होतो. शिवाजी पार्कजवळ सिग्नलला गाडी बंद पडली. सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. मिस्त्री म्हणाला, "शेठ, कार्बोरेटर गेला." आम्ही मुकाट्याने बदलला. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद! अखेर टॅक्सींवर हयात घालवलेल्या एका चाचांनी दोष दाखवला. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर होती. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत होता. किरकोळ किमतीच्या पाइपासाठी आम्ही कार्बोरेटरचे पैसे मोजले होते.

हा पाइप का चिरला? वय हे एक कारण. दुसरे कारण पेट्रोलमधील इथेनॉल. देशात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनलेले नाही. ते फुगते, कडक होते, चिरते. पंपातील डायफ्रॅमचेही तेच. शिवाय इथेनॉल टाकीतील जुना गंज आणि गाळ सुटा करून पुढे पाठवते, त्यामुळे फिल्टर आणि जेट तुंबतात. इथेनॉल पाणीही ओढते. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पंप आधी तेच उचलतो.

तेव्हा गाडी बंद पडल्यास तपासणी या क्रमाने करावी :

१) प्रथम वास घ्यावा. पेट्रोल गळत असेल तर सेल्फ मारू नये. गरम इंजिनावर पेट्रोल पडले तर गाडीच नव्हे, जीवही जाऊ शकतो.

२) टाकीचे झाकण उघडावे. 'फुस्स' आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

३) उन्हात बंद पडली असेल तर पंपावर ओले फडके ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मग सुरू झाली तर बहुधा पाइपात पेट्रोलची वाफ अडकली होती. गरम झाल्यावर कॉइल किंवा कंडेन्सरही दगा देतो, म्हणून ठिणगी तपासून घ्यावी.

४) ठिणगी ठीक असेल तर कॉइलची वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारावा. पेट्रोल जोरात आले नाही तर दोष पंपात किंवा मागच्या पाइपात. जोरात आले तरच कार्बोरेटर उघडावा.

५) ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर डायफ्रॅम फाटला असण्याची शक्यता मोठी. अशा स्थितीत गाडी चालवू नये, इंजिन घासून जाईल.

पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणारेच मागून घ्यावेत. नवी गाडी इंधनाचे प्रमाण बऱ्याच अंशी स्वतः जुळवून घेते, कार्बोरेटर तसे करत नाही. इंजिन उचल घेत नसेल आणि प्लग पांढरा पडत असेल, तर जाणकाराकडून जेट जुळवून घ्यावा. महिन्याभरात वापराल तेवढेच पेट्रोल भरावे.

आमच्या गॅरेजवाल्या बंधूंनाही एक विनंती. गिऱ्हाईकाचा पैसा ही अमानत आहे. तागा न उलगडता माल खराब ठरवणारा व्यापारी टिकत नाही, तसेच तपासल्याशिवाय पार्ट बदलणाऱ्या कारागिराच्या धंद्यात बरकत राहत नाही.